लाइन गेली तर भट्टी बंद होते. लाइन गेलीच नाही तर?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आरमोरीकडे वायरमनचं काम करता, मोटरपंपाचे स्टार्टर दुरुस्त करता. मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माहिती शोधताना तुमच्या वाचनात आलं, की अणुभट्टी बंद करणारे रॉड इलेक्ट्रोमॅग्नेटने वर टांगून ठेवलेले असतात. त्यावरून तुमचा प्रश्न: ‘आमच्याकडे दिवसातून दहादा लाइन जाते. लाइन गेली की मॅग्नेट मेला. म्हणजे नेमकी गरज पडेल तेव्हाच भट्टी बंद करायचा स्विच कामातून जाणार. ह्याला सुरक्षित कसं म्हणायचं? आणि पॅसिव्ह इलेक्ट्रोमॅग्नेटिक स्विच म्हणजे विजेशिवाय चालणारा स्विच का?’

माझी उभी नोकरी कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. त्यातली बरीच वर्षं रिले (कॉइलने उघडझाप होणारे छोटे स्विच) आणि ट्रिप सर्किट, म्हणजे यंत्र आपोआप बंद पाडणारी सर्किटं, तपासण्यात गेली. आता नागभीडकडे वावर सांभाळतो, म्हणून स्टार्टरशीही रोजची गाठ आहे. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच हातातल्या स्टार्टरमध्ये आहे, तिथूनच सुरुवात करतो.

हिरवं बटन दाबलं की नो-व्होल्ट कॉइलमध्ये वीज जाते. कॉइल आर्मेचरला, म्हणजे समोरच्या हलत्या लोखंडी तुकड्याला, ओढून धरते, तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट जुळतात, मोटर सुरू होते. बटनावरचं बोट काढलं तरी कॉइल आपलं धरूनच असते. आता लाइन गेली. आर्मेचर कोणी सोडवलं? कोणीच नाही. ओढणारं राहिलं नाही, स्प्रिंगने त्याला ढकललं, मोटर सुटली. वीज लागत होती ती चालू ठेवायला. बंद व्हायला काहीच लागलं नाही.

भट्टीतही हेच आहे. कैगा, काक्रापार, नरोरा इथल्या २२० मेगावॅटच्या जडपाणी भट्ट्या घ्या. त्यांच्या पहिल्या शटडाउन यंत्रणेत १४ रॉड असतात. स्टीलच्या आत कॅडमियम, आणि ज्या न्यूट्रॉनवर भट्टी पेटती राहते ते कॅडमियम गिळतं. हा रॉड दोराने टांगलेला, दोर ढोलावर गुंडाळलेला, आणि ढोल व मोटर यांच्यामध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच. विहिरीचा रहाट डोळ्यांपुढे आणा. दोर हातात घट्ट धरलाय तोवर बादली वर, हात सुटला की बादली खाली. क्लचची वीज तुटली की ढोल मोकळा होतो आणि रॉड स्वतःच्या वजनाने भट्टीत पडतो. त्यामुळे लाइन गेली तर भट्टी बंदच होते. तुमच्या मनातली भीती रॉडच्या बाबतीत उलटी आहे. विजेवर चालतं ते धरणं, सोडणं विजेवर चालत नाही.

सगळ्या भट्ट्यांत रॉड वरूनच पडतात असं मात्र समजू नका. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्यांत रॉड खालून वर जातात, तिथे वजन उपयोगाचं नाही. म्हणून आधीच साठवून ठेवलेल्या दाबाने पाणी रॉडला वर ढकलतं, आणि तो दाब अडवणाऱ्या व्हॉल्व्हना बंद ठेवायला वीज लागते. वीज गेली की व्हॉल्व्ह उघडतात. बांधणी वेगळी आहे, बुद्धी तीच आहे.

इथपर्यंत सोपं आहे. मला नोकरीत ज्याची खरी धास्ती वाटायची तो प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. लाइन गेली तर काय, हे नव्हे. लाइन जायला हवी होती आणि गेलीच नाही तर काय?

तुम्ही असा स्टार्टर नक्की पाहिला असेल. गेल्या उन्हाळ्यात शेजारचे कास्तकार सांगत आले, ‘लाल बटन दाबतो, पण मोटर बंदच होत नाही.’ मेन स्विच पाडला आणि पेटी उघडली. कॉन्टॅक्ट वेल्ड झाले असतील असं आधी वाटलं, पण ते ठीक होते. कॉइलची वीजही बरोबर तुटत होती. दोष कॉइलच्या लोखंडी गाभ्यात होता. गाभ्याचे तीन पाय असतात, त्यातला मधला किंचित आखूड ठेवतात, म्हणजे आर्मेचर बसलं तरी मध्ये बारीक फट राहते. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. वीज गेल्यावर लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, ते त्या फटीमुळे कमजोर पडतं. या स्टार्टरमध्ये वर्षानुवर्षं आदळून बाहेरचे दोन पाय घासले होते आणि मधली फट नाहीशी झाली होती. त्यात कोणीतरी आवाज कमी व्हावा म्हणून तोंडावर ग्रीस चोपडलेलं, त्यावर धूळ बसून त्याचा डिंक झालेला. उरलेलं चुंबकत्व आणि तो चिकटा, दोघांनी मिळून आर्मेचर धरून ठेवलं होतं. स्प्रिंगची ताकद कमी पडत होती.

हा प्रकार वावरातच घडतो असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्रात २५ फेब्रुवारी १९८३ रोजी भट्टी बंद करण्याचा आपोआप आदेश निघाला. रॉडच्या मॅग्नेटना वीज देणारे दोन ब्रेकर एकामागे एक जोडलेले होते. दोन्हींपैकी एक जरी उघडला असता तरी पुरे होतं. एकही उघडला नाही. साधारण अर्ध्या मिनिटाने ऑपरेटरने हाताने ट्रिप दिली आणि भट्टी बंद झाली. मागे जाऊन तपासलं तेव्हा कळलं की तीनच दिवसांपूर्वी, २२ तारखेलाही हेच घडलं होतं. त्या वेळी माणसाने हाताने ट्रिप दिली, म्हणून ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोष कुठे होता? ब्रेकरमधल्या अंडरव्होल्टेज ट्रिपमध्ये. तुमच्या नो-व्होल्ट कॉइलचाच तो भाऊबंद. वीज गेली की त्याने सुटायचं असतं, पण झीज आणि वंगणाची हेळसांड यामुळे तो अडकला होता. त्यानंतर तिथल्या नियामकांनी भट्टीवाल्यांना दुसरी, उलट्या रीतीने चालणारी शंट ट्रिपसुद्धा आपोआप आदेशाला जोडायला लावली. एक वीज गेल्यावर सुटते, दुसरी वीज मिळाल्यावर ओढते. एकाच दोषात दोघी सापडू नयेत, हा हिशेब.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका ठिकाणी डीसी रिले गळण्याची, म्हणजे वीज तोडल्यापासून कॉन्टॅक्ट उघडेपर्यंतची वेळ आम्ही ठरलेल्या मुदतीने मोजायचो. एका रिलेची वेळ अचानक कित्येक पटीने वाढलेली निघाली. रिले नवा होता, गाभा स्वच्छ होता. शेवटी मागच्या टर्मिनलवर एक छोटा डायोड सापडला. अलीकडेच काम केलेल्या मुलाने पुढचा कॉन्टॅक्ट ठिणगीने जळू नये म्हणून तो कॉइलच्या दोन टोकांना लावला होता. त्याचा हेतू चांगला होता. पण वीज तोडल्यावर कॉइलमध्ये साठलेला करंट त्या डायोडमधून घुटमळत राहतो, चुंबकत्व हळूहळू उतरतं आणि आर्मेचर उशिरा सुटतं. पंख्याच्या सर्किटला याने काही बिघडणार नाही. ट्रिप सर्किटला हे चालत नाही. त्या दिवसापासून मी शिकाऊ पोरांना एकच विचारत आलो: हे धरतं कसं ते तू सांगितलंस, आता सुटतं कसं ते सांग.

आता ‘पॅसिव्ह’ या शब्दाकडे येतो. पॅसिव्ह म्हणजे विजेशिवाय, असा अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९१ साली याच्या चार पायऱ्या मांडल्या. सगळ्यात वरच्या पायरीत काहीच हलत नाही, नुसती भिंत किंवा नळी आपलं काम करते. सगळ्यात खालच्या पायरीत काम पॅसिव्ह असतं, पण ते सुरू करणारा आदेश बाहेरून यावा लागतो. वर सांगितलेले दोराचे रॉड या शेवटच्या पायरीतले. पडतात आपल्या वजनाने, पण आधी सेन्सरला कळलं पाहिजे, तीन स्वतंत्र चॅनेलपैकी दोघांनी ‘बंद करा’ म्हटलं पाहिजे, रिले गळला पाहिजे, ब्रेकर उघडला पाहिजे. मॅग्नेटची वीज त्यानंतर जाते. या साखळीतली प्रत्येक कडी नीट असली की काम होतं. सेलमला एक कडी अडकली.

मग ही साखळीच काढून टाकता येईल का? सेन्सर नाही, रिले नाही, आदेश नाही, कॉइलची वीज चालूच, आणि तरीही भट्टी तापली की मॅग्नेटने स्वतःहून रॉड सोडायचा? येईल, आणि तुम्ही वाचलेला पॅसिव्ह इलेक्ट्रोमॅग्नेटिक स्विच हाच.

त्याचा धाकटा नमुना तुमच्या स्वयंपाकघरात असू शकेल. आपला भाग धानाचा, त्यामुळे विजेवरचा भाताचा कुकर आता बऱ्याच घरांत आहे. साधा, एका खटक्याचा कुकर घ्या, त्याचा प्लग काढून ठेवा, भांडं उचला आणि आत बघा. तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर खालीवर होणारा एक गोल ठोकळा दिसेल. त्याच्या पोटात चुंबक आणि फेराइटचा तुकडा असतो. खटका दाबला की चुंबक त्या फेराइटला चिकटतो आणि कुकर चालू राहतो. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकलेलं असतं. पाणी आटलं की ते झपाट्याने चढतं, आणि थोडंच पुढे गेलं की फेराइटचं चुंबकत्व जातं. चुंबक सुटतो, स्प्रिंग ढकलते, टक् करून खटका वर. त्या कुकरमध्ये तापमान ‘मोजणारं’ काहीच नाही. पदार्थच बदलला.

प्रत्येक चुंबकीय पदार्थाला असं एक तापमान असतं. पिएर क्युरीने १८९५ सालच्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास मांडला, म्हणून त्याला क्युरी बिंदू म्हणतात. लोखंडाचा ७७० अंश सेल्सिअस, निकेलचा साधारण ३५८, कोबाल्टचा ११०० च्या वर. तिघांचं प्रमाण बदलून मिश्रधातू केला की हवा तो क्युरी बिंदू बऱ्यापैकी साधता येतो.

याची गरज सगळ्यात जास्त भासते ती वेगवान भट्टीत, म्हणजे जिथे न्यूट्रॉनचा वेग कमी केलेला नसतो आणि उष्णता वितळलेल्या सोडियम धातूने बाहेर काढतात. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची ५०० मेगावॅटची प्रोटोटाइप भट्टी घ्या. तिथे सोडियम ३९७ अंशांना भट्टीच्या गाभ्यात शिरतं आणि ५४७ अंशांना बाहेर पडतं. साध्या दाबाला सोडियम ८८३ अंशांच्या आसपास उकळतं. मधलं अंतर बरंच आहे, पण पंप बंद पडले आणि त्याच वेळी रॉडही पडले नाहीत, तर ते अंतर बघता बघता संपतं. शिवाय मोठ्या वेगवान भट्टीत मधोमध सोडियम उकळून बुडबुडे झाले तर भट्टीची ताकद वाढू शकते. म्हणून कल्पाक्कमच्या या भट्टीला ९ नियंत्रण-सुरक्षा रॉड आहेतच, शिवाय वेगळ्या बांधणीचे ३ सुरक्षा रॉड आहेत. जपानमधल्या अभियंत्यांनी यापुढे जाऊन क्युरी बिंदूवर सुटणारा मॅग्नेट तयार केला आणि जोयो नावाच्या प्रायोगिक वेगवान भट्टीत तो रॉड नीट धरून राहतो का हे तपासलं.

त्याची रचना अशी. कॉइल आहे, लोखंडाचा गाभा आहे, खाली रॉडचं डोकं आहे. चुंबकाच्या रेषा गाभ्यातून रॉडच्या डोक्यात जाऊन परत येतात. या वाटेत एका ठिकाणी त्या खास मिश्रधातूचा तुकडा बसवतात, पुलासारखा. सोडियम नेहमीच्या तापमानाला आहे तोवर पूल शाबूत. सोडियम तापलं की पूल तुटतो, रेषांची वाट अडते, ओढ कमी होते आणि रॉड पडतो. कॉइलमधली वीज तशीच चालू असते! वरच्या खोलीत कोणी आदेश द्यायला विसरलं, तीनही चॅनेल चुकले, ब्रेकर चिकटला, तरी रॉड पडतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा खरंच भरून आलं होतं. आयुष्यभर ज्या कड्या घासूनपुसून तपासल्या, त्यांतली एकही लागत नाही असं काम कोणीतरी उभं केलं होतं.

पण हे कागदावर जितकं सरळ दिसतं तितकं ते नाही. चुंबकत्व क्युरी बिंदूला एकदम जात नाही, त्याच्या आधीपासून उतरू लागतं. रॉड सुटतो तो ओढ रॉडच्या वजनापेक्षा कमी झाली त्या क्षणी, म्हणजे क्युरी बिंदूच्या थोडा अलीकडेच. मिश्रधातू ५४७ च्या फार जवळ निवडला तर रोजच्या चढउतारातच रॉड पडायला लागतील, भट्टी विनाकारण बंद होईल. फार वरचा निवडला तर उशीर. दुसरी अडचण जागेची. तापलेलं सोडियम त्या तुकड्यापर्यंत पोचलं पाहिजे. पंप बंद पडलेले असताना सोडियम आधीच संथ झालेलं असतं, म्हणून मॅग्नेट इंधनाच्या अगदी डोक्यावर ठेवतात आणि भोवतीचं गरम सोडियम त्याच्याकडे वळवणारं नरसाळं करतात. तिसरी गोष्ट, जाड लोखंड स्वतःही पटकन तापत नाही, म्हणून तुकड्याला बारीक पंख काढून उष्णता लवकर घ्यायला लावायची. आणि वर्षानुवर्षं उष्णता व न्यूट्रॉनचा मारा खाऊन त्या धातूचा स्वभाव बदलत तर नाही ना, हे पाहत राहायचं. पॅसिव्ह आहे म्हणून तपासणी सुटत नाही. उलट ज्याच्याकडे क्वचितच काम पडतं, ते कामाच्या दिवशी चालेल याची खात्री करणं जास्त अवघड.

हाच एक रस्ता आहे असंही नाही. रशियाच्या बीएन-८०० भट्टीत काही रॉड सोडियमच्या प्रवाहावर उचलून धरलेले असतात, पंप थांबले की ते खाली बसतात. आपल्या जडपाणी भट्टीत क्युरी मॅग्नेटला जागाच नाही, कारण तिथे रॉड ज्या पाण्यात पडतात ते १०० अंशांपेक्षाही थंड असतं. तिथे दुसरा उपाय आहे: पहिल्या यंत्रणेचे रॉड पुरेसे पडले नाहीत तर भट्टीच्या गाभ्यातल्या १२ नळ्यांत लिथियम पेंटाबोरेटचं, न्यूट्रॉन गिळणारं द्रावण चढतं. कोणता उपाय चांगला, हे भट्टी पाहूनच ठरतं.

तुमची लाइन जाण्याची भीती मात्र पूर्ण चुकीची नाही, तिची जागा वेगळी आहे. भट्टी बंद झाली तरी आत उष्णता राहते, चुलीतल्या आरासारखी. बंद झाल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा ते सात टक्के, तासाभराने दीडेक टक्का. मोठ्या भट्टीचा दीड टक्का म्हणजेसुद्धा कित्येक मेगावॅट, आणि ती उष्णता बाहेर काढायला पाणी फिरवावं लागतं. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या बरोबर बंद झाल्या, रॉडने आपलं काम केलं. बाहेरची लाइन गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, आणि पाऊण तासानंतर आलेल्या त्सुनामीने ते बुडवले. पुढचं सगळं नुकसान थंड करता न आल्यामुळे झालं. तेव्हा कोणी विचारलं की भट्टीला लाइनची गरज कधी, तर सांगा: बंद करायला नाही, बंद झाल्यावर थंड ठेवायला.

तुम्ही शेवटी स्टार्टरला ‘ऑटो’, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारं यंत्र, बसवण्याबद्दल विचारलंय. रात्रपाळीची लाइन असते, ओलितासाठी कास्तकाराला अंधारात वावरात जावं लागतं, साप-विंचू आहेत, आपल्या भागात तर वाघही आहे. ऑटोला मी नाही म्हणणार नाही. पण ओव्हरलोड (जास्त करंटला मोटर पाडणारा) आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली तर मोटर पाडणारा) चालू आहेत याची खात्री केल्याशिवाय बसवू नका, आणि या दोघांनी मोटर पाडली असेल तर माणसाने पाहिल्याशिवाय ती परत सुरू होता कामा नये. भट्टीतही ट्रिपचं कारण कळेपर्यंत रॉड वर जात नाहीत. आणि व्होल्टेज कमी आहे म्हणून आर्मेचरमागे काडी खोचतात ना, ती जिथे दिसेल तिथे काढून टाका. लोक रागावतील, तरी काढा. त्या काडीने सुटण्याची वाटच बंद होते. मोटर जळते हे तर आहेच, पण ओल्या वावरात कोणी तारेला चिकटलं तर लाल बटन दाबून उपयोग होत नाही.

प्रदर्शनासाठी मुलीला कुकर दाखवू द्या, आणि त्याआधी एकदा तिला खात्याच्या, म्हणजे लोहाराच्या, भात्यावर घेऊन जा. जुन्या स्पीकरचं चुंबक दोन हात लांब तारेला टांगा. खाती वखराची पास (लोखंडी पातं) भट्टीतून काढेल तेव्हा ती लालबुंद असेल. चुंबक तिच्याजवळ न्या, ते नुसतं लोंबत राहील, जणू समोर दगड आहे. त्याला टेकवू मात्र नका, नाहीतर ते स्वतःच तापून निकामी होईल. पास हवेत धरून ठेवायला सांगा. लाल रंग गडद होत जाईल, विझायला येईल, आणि एका क्षणी तार तिरपी होऊन चुंबक पासेकडे ओढलं जाईल. तो क्षण मुलीने डोळ्यांनी पाहिला की परीक्षकांना काय सांगायचं ते तिला पाठ करावं लागणार नाही.